उंटाच्या वशिंडातली सात हाडं

विरूपाक्ष सरांच्या कचेरीतल्या लोखंडी कपाटावर एक काचेचा पेला उपडा ठेवलेला होता आणि पेल्यावर पितळेचा तांब्या. पेल्याचं बूड पाच सेंटिमीटर रुंद, तांब्याचं साडेसहा. म्हणजे चहूबाजूंनी पाऊण सेंटिमीटर तांब्या अधांतरी होता. भूकंपानंतर लातुरात घरोघरी अशी जोडी दिसायची. जमीन हलली की तांब्या पडणार, तांब्या पडला की बाहेर पळायचं. पुढं बहुतेक घरांतली जोडी परत स्वयंपाकघरात गेली. सरांच्या कपाटावरची मात्र तीन वर्षं हलली नव्हती. तेवढ्या काळात तांब्या दोनदा पडला, दोन्ही वेळा मांजरामुळे, आणि दोन्ही वेळा शेजारच्या पत्र्याच्या शेडमधली तीनशे मुलं अकरा सेकंदांत मैदानात पोचली. सेकंद देविकानं मोजले होते.

देविका वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. होती, पहिल्या वर्गात. सरांच्या क्लासमध्ये ती बारावीला जीवशास्त्र शिकवायला आली आणि सहा वर्षं सामान्यज्ञानाची पुस्तिका लिहीत बसली. अधूनमधून दहावीला विज्ञान, बाकी पुस्तिका. "पुढच्या जूनला बारावीची तुकडी तुमची, मॅडम," असं सर दर मे महिन्यात म्हणत. पुस्तिकेत एक हजार प्रश्न असायचे. पहिला प्रश्न भूकंपाचा: तारीख, वेळ, केंद्र. जी मुलं त्या पहाटे आईचा हात धरून अंगणात आली होती, तीसुद्धा ३० सप्टेंबर १९९३, तीन वाजून छप्पन्न मिनिटे हे घोकून पाठ करायची, जणू त्या दिवशी ती परगावी होती.

अडचण सुरू झाली ती नांदेडहून. तिथं रेणुकादास सरांचा क्लास होता आणि त्यांचीही हजार प्रश्नांची पुस्तिका निघायची, लातूरची निघाल्यावर बरोबर पाच आठवड्यांनी. एका वर्षी देविकाकडून २१२ व्या प्रश्नाचं उत्तर छापायचं राहिलं. नांदेडच्या पुस्तिकेतही २१२ च्या पुढं कोरी जागा आली. विरूपाक्ष सरांनी फोन लावला, तर रेणुकादास शांतपणे म्हणाले, "ते मुद्दाम सोडलंय, सर. पोरांनी सोताहून भरावं मनून."

"पुरावा पाहिजे, मॅडम," सर टेबलावर मूठ आपटून म्हणाले. "असा पुरावा, की माणूस बोलूच शकणार न्हाई."

देविकानं दोन दिवस विचार केला आणि एक प्रश्न तयार केला. तो कुणाला इजा करणारा नको होता, कुठल्या परीक्षेत येणारा नको होता, आणि जाणत्या माणसाला वाचताक्षणी हसू यायला हवं होतं.

"प्रश्न क्रमांक ४१७," तिनं वाचून दाखवलं. "उंटाच्या वशिंडात किती हाडे असतात? उत्तर: सात."

सरांनी कागद आपल्याकडं वळवला. "सातच असतात का?"

"एकही नसतं, सर. नुसती चरबी असते."

"वा! वा!" सर खूश झाले. "मग सातच ठेवा."

पाच आठवड्यांनी नांदेडची पुस्तिका आली. ४१७ व्या प्रश्नाला उत्तर होतं सात. आणि खाली एक नवा प्रश्न होता, नांदेडचा स्वतःचा: दोन वशिंडांच्या उंटाला किती हाडे? उत्तर: चौदा.

सरांनी त्याच दिवशी वकील गाठला. वकिलानं दोन्ही पुस्तिका चाळल्या आणि विचारलं, "म्हणजे कोर्टात आधी तुमचं उत्तर खोटं हाय, हे तुम्हीच सिद्ध करायचं? आन चार हजार पालकांच्या घरी तुमचं पुस्तक हाय? करा बरं, करा."

सर परत आले ते केस विसरूनच. पण देविका विसरली नाही. तिनं एक शुद्धिपत्र लिहिलं, तीन ओळींचं, आणि गंजगोलाईजवळच्या खाजामियाँच्या छापखान्यात चार हजार प्रती छापायला दिल्या. क्लासची सगळी छपाई तिथंच व्हायची. पहिल्या खेपेला खिळे जुळवताना ४१७ चं ४७१ झालं. शुद्धिपत्रातच चूक! खाजामियाँनी कानाची पाळी धरली, तो सगळा गठ्ठा बाजूला टाकला आणि स्वतःच्या कागदावर दुसरा छापून दिला.

"बाई, कुणाला कळणार न्हाई," ते म्हणाले. "गिऱ्हाईकाचं काम छापखान्याच्या उंबऱ्याबाहेर जात न्हाई आमच्यात. वालिदांच्या वेळेपासून."

दुसरा गठ्ठा सरांनी वजन करावं तसा हातात तोलला आणि लोखंडी कपाटात ठेवून किल्ली फिरवली. "योग्य वेळी चिकटवू, मॅडम. आत्ता न्हाई. हे बाहेर गेलं तर तुमची तुकडी बी गेली आन माझा क्लास बी."

योग्य वेळ आली नाही. उंट मात्र सगळीकडे पोचला. बिलोलीच्या एका शाळेनं दर्शनी फळ्यावर लिहिलं, उंटाच्या वशिंडात सात हाडे असतात. तिथल्या मास्तरांनी कारणही शोधून काढलं: उंट आठवडाभर पाण्यावाचून राहतो, रोजचं एक हाड. हे कारण इतकं पटण्यासारखं होतं की देविकालाही ऐकताना क्षणभर बरं वाटलं. दोन महिन्यांनी उंट तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात आला.

"देवी, उंटाच्या वशिंडात सात हाडं असतात म्हणं," तिची आई सुमनबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "भजनी मंडळात इचारलं होतं. मला आलं न्हाई. लई लाज वाटली बग."

"एकही नसतं, आई. चरबी असते."

"तू झाडापाल्याचं शिकलीस. तुला उंटाचं काय कळतंय?"

"आई, ते सात मीच लिहिलंय."

"मग?" सुमनबाईंनी भाकरी उलटली. "लिहिताना तरी नीट बघून लिहिलं असशील की!"

दुसऱ्या दिवशी देविका सरांकडे गेली आणि शुद्धिपत्रांची किल्ली मागितली. सरांनी किल्ली दिली नाही, पण त्यांच्या डोक्यात एक बेत शिजला. लातूर आणि नांदेड, दोन क्लासची सामान्यज्ञान स्पर्धा, प्रत्येकाच्या पाचशे प्रश्नांच्या चिठ्ठ्या एका डब्यात. भर सभेत ४१७ वा प्रश्न निघेल, नांदेडचं पोरगं सात म्हणेल, आणि सर उठून उभे राहतील. "मग मी बोलीन, मॅडम. तुम्ही फक्त परीक्षक मनून बसा." बक्षीस सरांनीच ठेवलं: जिंकणाऱ्याला अकरावी-बारावी सायन्सचे दोन वर्षांचे क्लास फुकट. दहावीची परीक्षा झालेल्या मुलांसाठी स्पर्धा होती. रेणुकादासांनी होकार कळवला, कारण नकार दिला असता तर नांदेडात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

त्या बक्षिसावर सगळ्यात आधी कुणाचं लक्ष गेलं असेल तर खाजामियाँच्या मुलीचं. कशिशनं नुकतीच दहावी दिली होती आणि देविकाच्या विज्ञानाच्या वर्गात ती पहिल्या बाकावर बसत असे. तिला डॉक्टर व्हायचं होतं. लातुरात क्लास न लावता सायन्स घेणं म्हणजे पोहायला न शिकता गोदावरीत उतरणं, असं सगळेच धरून चालायचे.

"अब्बा म्हणले, बक्षीस लागलं तर सायन्स, न्हाई तर आर्ट्स," ती देविकाला म्हणाली. रडवेली वगैरे नव्हती. गणितातली अट सांगावी तसं सांगितलं. मग तिनं हजार प्रश्न पाठ केले, रोज चाळीस, पंचवीस दिवसांत. आणि मग पुन्हा उलटीकडून.

प्राथमिक फेरीचे कागद आले तेव्हा सरांचा बेत पुन्हा फिरला. नांदेडच्या यज्ञेशला शंभरपैकी शंभर गुण होते. सरांनी चौकशी केली. पोरगं दहावीला बोर्डात येणार, अशी नांदेडभर बोलवा होती.

"मॅडम," सर म्हणाले, "हा पोरगा जिंकला तर दोन वर्षं आपल्याकडं शिकंल. बारावीला बोर्डात आला की फोटो कुणाच्या पाटीवर? रेणापूर नाक्यापासून औसा रोडपर्यंत पाट्या लावतो बघा."

"आणि रेणुकादास सरांना पकडायचं?"

"पकडून काय लोणचं घालायचंय? उग मिटवा. ४१७ ची चिठ्ठी डब्यातून काढून टाका."

हे देविकाला मनापासून पटलं; निदान भर सभेत तरी ते सात पुन्हा कुणी म्हणणार नव्हतं. तिनं लातूरच्या पाचशे चिठ्ठ्या उलगडून पाहिल्या, ४१७ शोधली, फाडली आणि तुकडे चहाच्या कपात भिजवले. नांदेडच्या पाचशे चिठ्ठ्या मात्र ठरल्याप्रमाणे सीलबंद येणार होत्या.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दहाला स्पर्धा सुरू झाली. पत्र्याच्या शेडमध्ये चारशे माणसं होती आणि चौदा पंखे. इतिहास झाला, नद्या झाल्या, शोध आणि संशोधक झाले, सिनेमा झाला. पावणेबाराला बाकी सगळी मुलं गळाली होती आणि कशिश आणि यज्ञेश प्रत्येकी अडतीस गुणांवर होते. शेवटची एक चिठ्ठी, दोघांनी उत्तर पाटीवर लिहायचं. शिपाई मलप्पानं डब्यात हात घातला, खूप ढवळलं, आणि एक चिठ्ठी देविकाच्या हातात दिली. कागद गुलाबी होता. नांदेडचा.

देविकानं चिठ्ठी उघडली. तिच्या मनात आलं, हजारात एक. मग तिनं हिशेब सुधारला: निघालेल्या चिठ्ठ्या वजा करता नऊशेत एक.

"उंटाच्या वशिंडात," ती म्हणाली आणि पाणी प्यायली, "किती हाडे असतात?"

शेडमध्ये समाधानाचा सुस्कारा उमटला. हे सगळ्यांना येत होतं. पाट्या वर झाल्या. यज्ञेशच्या पाटीवर सात होतं. कशिशच्या पाटीवर दोन शब्द होते: एकही नाही.

"आगंगं!" मागून कुणीतरी हळहळलं. "एवढं सोपं चुकली पोरगी."

यज्ञेशच्या वडिलांनी खिशातून पेढ्यांचा पुडा काढला. खाजामियाँ शेवटच्या रांगेत बसले होते. ते आपल्या टोपीची शिवण बोटानं चाचपू लागले आणि तिथंच चाचपत राहिले. सगळे देविकाकडं बघत होते. तिच्या डाव्या हाताला विरूपाक्ष सर, उजव्या हाताला रेणुकादास सर.

"निर्णय," देविका म्हणाली, "थोड्या वेळानं सांगते."

"थोड्या वेळानं कामून?" यज्ञेशच्या वडिलांनी उठून विचारलं. "पुस्तकात हाय की! दोन्ही पुस्तकांत हाय!"

"बैलाच्या वशिंडात हाड नसतंय," मलप्पा डबा पोटाशी धरून बोलला. "माझ्या घरी चार जोड्या होऊन गेल्या. मी सांगतो."

"मलप्पा, उंट इचारलाय. बैल न्हाई."

"वशिंड ते वशिंडच की!"

"मग बैलाला पाणी कामून लागतंय रोज? सात हाडं नसतात मनून!" कुणीतरी ओरडलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रेणुकादास सरांनी खुर्ची देविकाजवळ सरकवली आणि तोंडावर रुमाल धरून विचारलं, "ताई, खरं सांगा. किती असतात?"

"तुमच्या पुस्तकात आहे, सर."

"पुस्तकात हाय हो. पण खरं?"

"चौदा कुठून आणलंत तुम्ही?"

रेणुकादासांनी इकडंतिकडं पाहिलं. "गुणाकार केला," ते म्हणाले.

इकडं गोंधळ वाढत चालला, तसे विरूपाक्ष सर हात उंचावून उभे राहिले. "शांत व्हा! मी मूळ पुस्तिका आणतो, सगळ्यांसमोर वाचतो, विषय संपला!" ते तरातरा कचेरीत गेले. पुस्तिका कपाटात होती. कपाटाचं दार उन्हाळ्यात फुगल्यासारखं अडायचं आणि किल्ली देविकाकडं असायची तेव्हा ती आधी तांब्या उतरवून मगच ते ओढायची. सरांना हे माहीत नव्हतं. त्यांनी पाय टेकवून दार ओढलं.

तांब्या शहाबादी फरशीवर पडला.

खुर्च्यांचा आवाज झाला, चपलांचा झाला, आणि चारशे माणसं मैदानात, कडुनिंबापासून लांब, तारांपासून लांब उभी होती. बायकांनी लेकरं उचललेली होती. यज्ञेशच्या वडिलांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता, त्यावर अजून दोरा होता. देविकानं सवयीनं मोजलं होतं: तेरा सेकंद. नांदेडच्या लोकांमुळे दोन जास्त.

मग दारातून विरूपाक्ष सर आले. एका हातात पुस्तिका, दुसऱ्या हातात तांब्या. तांब्याला पोचा आला होता.

"काही न्हाई, काही न्हाई," ते म्हणाले. "कपाटावरून पडला."

लोकांनी श्वास सोडला, पण आत जायला कुणी तयार नव्हतं. "हितंच सांगा निर्णय!" असं चहूकडून सुरू झालं. सर देविकाजवळ आले आणि ओठ न हलवता बोलले. "सात म्हणा, मॅडम. जूनची बारावीची तुकडी तुमची. आत्ता, हितं, यल्लमाची आण घेऊन सांगतो. फक्त सात म्हणा."

सहा वर्षांत सरांनी शपथ पहिल्यांदाच घेतली होती. देविकाला माहीत होतं की या वेळी ते शब्द पाळतील. तिला त्या वर्गातला फळासुद्धा माहीत होता, उजव्या कोपऱ्यात चीर गेलेला.

"एक मिनिट," ती म्हणाली आणि कशिशकडं गेली. पोरगी नळाजवळ उभी होती. पळतानाही तिनं रफ वही सोडली नव्हती.

"तुला सात पाठ होतं ना?"

"हाव, मॅडम. पाठ हाय."

"मग?"

"तुम्ही वर्गात शिकवलं होतं की, चरबी असते मनून. आन," कशिशनं आवाज खाली घेतला, "हे बी हाय."

तिनं रफ वही उघडली. डाव्या बाजूला गणितं होती, बारीक अक्षरात. तिनं पान उलटं केलं. मागं छापील तीन ओळी होत्या, एका पानावर चार वेळा: प्रश्न क्र. ४७१, उंटाच्या वशिंडातील हाडे, 'सात' ऐवजी 'एकही नाही' असे वाचावे. छापखान्याच्या पोरांच्या रफ वह्या वाया गेलेल्या कागदांच्याच असतात. खाजामियाँनी तो चुकलेला गठ्ठा फेकला नव्हता, शिवला होता. वर्षभर कशिशनं शुद्धिपत्राच्या पाठीवर गणितं केली होती.

"मग हे वर दाखवलं का नाहीस?" देविकानं विचारलं. "सगळ्यांसमोर धरलं असतंस तर तिथंच संपलं असतं."

"अब्बांनी नको मनून मान हलवली," कशिश म्हणाली. "मागं बसून. गिऱ्हाईकाचं काम हाय, मॅडम. उंबऱ्याबाहेर न्हाई." मग तिनं वही मिटली आणि काखेत धरली. "आर्ट्समधी बी चांगले मार्क पडतात, म्हणे."

देविकानं गर्दीच्या पलीकडं पाहिलं. खाजामियाँ सगळ्यांत मागं उन्हात उभे होते. त्यांनी टोपी काढली होती आणि तिची घडी घालत होते. त्यांच्या एका शब्दानं मुलगी जिंकली असती. तो शब्द त्यांनी एक वर्ष कुलपात ठेवला होता, सरांच्या कपाटापेक्षा चांगल्या कुलपात.

ती कडुनिंबाच्या पारावर चढली. माईक आत राहिला होता. देविकाचा आवाज वर्गात तिसऱ्या बाकाच्या पुढं जात नसे, आणि सर त्यावरूनच दर जूनमध्ये म्हणायचे की बारावीच्या तुकडीला आवाज लागतो.

"ऐकू येतंय का मागं?" तिनं विचारलं.

"न्हाई!" मागून उत्तर आलं.

"मॅडम, सात," सर खालून म्हणाले. तांब्या त्यांनी छातीशी धरला होता.

"सगळ्यात मागं, टोपी घडी करणाऱ्यांना ऐकू येतंय का?"

खाजामियाँनी मान वर केली. पत्रे उन्हानं कडकड वाजत होते, तेवढाच आवाज होता.

"उंटाच्या वशिंडात एकही हाड नसतं," देविका म्हणाली, आणि आवाज पार रस्त्यापलीकडच्या रसवंतीपर्यंत गेला. "कशिश जिंकली. ती सात हाडं मी घातली होती. आज मीच काढते."